'इतर' या रकान्यातली घरे : अर्थ व सांख्यिकी संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय, कर्नाटक शासन, बेंगळुरू
(आणि आपल्यामार्फत सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय, नवी दिल्ली)

विषय : वृद्धाश्रमांखेरीज इतर निवासी देखभाल संस्थांचे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातील स्थान

महोदय,

सविनय नमस्कार. बेळगाव शहर, खानापूर तालुका आणि निपाणी या पट्ट्यातील काही लहान धर्मादाय संस्थांचे हिशेब मी 22 वर्षे लिहीत आलो आहे. त्यांतील एकाही संस्थेत म्हातारी माणसे राहत नाहीत. एका ठिकाणी बालकल्याण समितीने पाठवलेल्या मुली आहेत. एका ठिकाणी घर सोडावे लागलेल्या बायका आपल्या पोरांसह काही महिने थांबतात. आणखी एका ठिकाणी वीस ते चाळीस वयाची बौद्धिक दिव्यांग माणसे राहतात. त्यांचे आईवडील त्यांना अजून 'मुले'च म्हणतात. या तिन्ही घरांची खाती माझ्या वहीत वेगवेगळी आहेत. सरकारी अर्जावर मात्र त्यांची ओळख पाच आकड्यांत सांगावी लागते, आणि ते पाच आकडे नेमके कोणते, याचे उत्तर मला दोन कचेऱ्यांत कधी सारखे मिळालेले नाही. म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी एका सर्वेक्षणासाठी एका एजन्सीने नेमलेला तरुण प्रगणक मुलींच्या गृहाच्या पडवीत येऊन बसला होता. मी त्या दिवशी तिथे पावत्या लावत होतो. दोरीवर शाळेचे निळे स्कर्ट वाळत घातले होते, कोपऱ्यात एक तीनचाकी सायकल होती, आणि आत भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. त्याने कन्नड वळणाच्या मराठीत विचारले, "इथं काय चालतंय?" गृहमाता म्हणाल्या, "आश्रम आहे बघा." त्याने मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवले आणि वृद्धाश्रमाचा पर्याय निवडला. मी हरकत घेतली तेव्हा त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मग अनाथाश्रम कुठं आहे, तुम्हीच दाखवा सर." मलाही तो सापडला नाही, कारण त्या यादीत अनाथाश्रम नावाचे काही नव्हतेच; जे होते ते अगदी खाली, 'इतर' या शब्दाआड होते. त्या मुलाला मी दोष देत नाही. दिवसाला किती ठिकाणे उरकायची याचा हिशेब त्याच्या डोक्यात होता, आणि पाळण्यापासून दहावीपर्यंतच्या मुली समोर दिसत असतानाही त्या कागदावर वृद्ध झाल्या.

आपल्या खात्यास सांगण्याची गरज नाही, तरी हे पत्र इतरही वाचतील म्हणून वर्गीकरणाचा सांगाडा थोडक्यात मांडतो. 2008 चे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण, म्हणजे प्रत्येक कामधंद्याला क्रमांक देणारी सरकारी यादी, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या चौथ्या सुधारणेवर बेतलेले आहे. त्यात विभाग 87 हा निवासी देखभालीचा आणि विभाग 88 हा निवासाविना चालणाऱ्या समाजकार्याचा आहे. विभाग 87 मध्ये चार गट आहेत. 871 मध्ये शुश्रूषेसह निवास. 872 मध्ये बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार आणि व्यसनाधीनता यांसाठीचा निवास. 873 मध्ये वृद्ध आणि दिव्यांग. आणि 879 मध्ये या तिन्हींत न बसणारे जे काही उरेल ते. अर्जावर हे 87100, 87200, 87300 आणि 87900 असे उमटतात. शेवटची दोन शून्ये मुद्दाम पाहावीत. चौथ्या आणि पाचव्या अंकाची जागा आहे, पण ती वापरलेली नाही.

इतर देश याहून फार पुढे आहेत असे मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या 2006 च्या संयुक्त वर्गीकरणात तर निवासी देखभालीचे दोनच वर्ग आहेत : 8601 वृद्धांसाठी आणि 8609 बाकी सगळ्यांसाठी. बालगृह, संकटात सापडलेल्यांचा निवारा आणि मरणासन्न रुग्णांचे सेवागृह तिथे एकाच क्रमांकाखाली नांदतात. म्हणजे वृद्धांची देखभाल हा एक ओळखीचा उद्योग आणि उरलेली सारी देखभाल म्हणजे 'उरलेली', ही रीत केवळ आपली नाही. पण आपल्याच वर्गीकरणाने इतर ठिकाणी किती बारकाईने काम केले आहे, हे निपाणीकर चांगले जाणतो. विडीला वेगळा पाच अंकी क्रमांक आहे, सिगारेटला वेगळा, तपकिरीला वेगळा, जर्द्याला वेगळा. चिकोडी भागातल्या गुऱ्हाळाचा गूळ आणि कारखान्याची साखर यांचीही गल्लत होत नाही. गल्लत होते ती विडी वळणाऱ्या बाईचे मूल आईच्या मागे जिथे जाऊन राहते त्या घराची. अनाथालय, बेघरांचा रात्रनिवारा, कुमारी मातांचे आश्रयगृह, तुरुंगातून सुटून आलेल्यांसाठीचे मधले घर आणि विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकांचे गृह ही सर्व 87900 आहेत.

उरलेल्या तीन गटांतही गुंता आहे. 871 चे इंग्रजी नाव वाचून आपल्याकडे कोणालाही 'नर्सिंग होम' आठवते. पण बेळगावात, किंबहुना साऱ्या देशात, नर्सिंग होम म्हणजे बाळंतपण आणि शस्त्रक्रिया होणारे छोटे खासगी रुग्णालय, आणि त्याची जागा रुग्णालयांच्या विभागात, 86 मध्ये आहे. 872 चे शीर्षक आजही बौद्धिक दिव्यांगतेसाठी तो जुना शब्द वापरते, जो 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मोडीत काढला. शब्दाचे दुखणे एक वेळ सोसता येईल. पण त्या शीर्षकाखाली बौद्धिक दिव्यांग माणूस आणि दारू सोडवण्यासाठी महिनाभर दाखल झालेला माणूस एकत्र येतात, तर अस्थिव्यंग असलेला माणूस 873 मध्ये वृद्धांसोबत जातो. मी ज्या प्रौढांच्या घराचे हिशेब लिहितो तिथे एक जण 24 वर्षांचा आहे. त्याला मेंदूचा पक्षाघात आहे, त्यामुळे त्याचे पायही चालत नाहीत आणि समजही लहान मुलाची आहे. त्याच्या पायांसाठी 873 आणि डोक्यासाठी 872. त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या मित्रासाठी फक्त 872. संस्था एक, स्वयंपाक एक, रात्रपाळीचा माणूसही एकच.

यापेक्षा अवघड प्रश्न विशेष दत्तक संस्थेचा आहे. बाळ तिथे दिवसरात्र राहते, त्याला दूध पाजणाऱ्या दाया पाळीने जागतात, म्हणून ते काम 87 मधले. पण दत्तक देण्याची प्रक्रिया आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने निवासाविना समाजकार्यात, म्हणजे 88 मध्ये घातली आहे. ज्या इमारतीत पाळणे आहेत त्याच इमारतीत दत्तकाची कागदपत्रे होतात, आणि सहसा दोन्ही कामे करणारी समाजसेविकाही एकच असते. अशा वेळी मुख्य काम कोणते ते मूल्यवृद्धीवरून, म्हणजे कोणत्या कामाने मूल्यात जास्त भर घातली त्यावरून, ठरवावे असा नियम. पण जिथे विक्रीच नाही तिथे मूल्यवृद्धी कशी काढायची? माझ्या मते ती नेमलेल्या माणसांच्या संख्येवरून आणि पगाराच्या खर्चावरून काढावी, आणि तसे सूचनापत्रकात स्पष्ट लिहावे. हाच प्रश्न शाळेच्या आवारातल्या बालगृहाचा. आमच्या भागात अशी आवारे बरीच आहेत : पुढे 300 मुलांची शाळा, मागे 25 मुलांचे गृह, आणि दोन्हींवर एकाच संस्थेची पाटी. प्रगणक पाटी वाचतो, शिक्षणाचा क्रमांक लिहितो आणि मागचे घर पुसले जाते. एका जागी दोन वेगळी कामे वेगळ्या माणसांकडून होत असतील तर त्यांची दोन आस्थापने मानता येतात, ही सोय शास्त्रात आहे. ती दारात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचत नाही, इतकेच.

आता सीमाभागाची म्हणून जी खास अडचण आहे तिच्याकडे आपले लक्ष वेधतो, कारण बेंगळुरूत किंवा दिल्लीत बसून ती लक्षात येणे कठीण आहे. इथे कागद कन्नडमध्ये येतो, उत्तर मराठीत मिळते, आणि दोन्ही भाषांत शब्द तोच असून अर्थ वेगळा असतो. कर्नाटकात सरकारी बालगृहाला 'बालमंदिर' म्हणतात. मराठी माणसाला बालमंदिर म्हणजे पाटी-दप्तर घेऊन अडीच तास जाण्याची शिशुशाळा. मराठी गृहमातेला "तुमचं बालमंदिर आहे का?" असे विचारले, तर ती सरळ "नाही" म्हणेल आणि तिचे म्हणणे चूक नसेल. 'वसति निलय' ही पाटी मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावरही असते आणि बोलताना निराधार मुलींच्या गृहालाही लोक तेच म्हणतात. पण विद्यार्थी वसतिगृह हे वर्गीकरणात निवासव्यवस्थेच्या विभाग 55 मध्ये आहे, देखभालीत नाही. 'निराश्रितर परिहार केंद्र' हे कर्नाटकातील भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनगृहाचे नाव. मराठीत निराश्रित म्हटले की जुन्या माणसांना फाळणीतले विस्थापित आठवतात. आणि 'काळजी केंद्र' तर दोन्ही भाषांत जसेच्या तसे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पुराने जिल्हा वेढला तेव्हा शाळाशाळांतून काळजी केंद्रे उघडली होती. शब्द ऐकून ती निवासी देखभालीत बसावीत असे वाटते. पण आपत्तिग्रस्तांचा तात्पुरता निवारा हा 88 मध्ये जातो, आणि बेघरांचा तात्पुरता निवारा मात्र 87 मध्ये. नियम मला पटतो, पण तो कोणी तरी दोन ओळींत समजावून सांगायला हवा.

आणि या सगळ्यांवर कडी करणारा शब्द 'आश्रम'. वृद्धाश्रम, अनाथाश्रम, आश्रमशाळा, आणि स्वामींचा आश्रम. आमच्याकडे ज्या घरात रक्ताचे नाते नसलेली माणसे एका पंगतीत जेवतात त्याला लोक आश्रम म्हणतात. पहिला जो क्रमांक समोर येईल तो लावला जातो.

याने बिघडते काय, असे कोणी विचारील. मोजणीचे उदाहरण घेऊ. बालकांच्या निवासी संस्था देशात किती आहेत, हे जाणून घ्यायचे ठरले तेव्हा केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाला वेगळी देशव्यापी पाहणी करावी लागली. तिचा अहवाल 2018 मध्ये आला आणि त्यात 9,589 संस्थांची नोंद झाली. आर्थिक गणना दर काही वर्षांनी प्रत्येक आस्थापनेच्या दारात जाते. सहावी गणना 2013-14 मध्ये झाली. तिच्यातून हा आकडा निघू शकला असता, पण 879 मधून बालगृहे वेगळी काढण्याची वाटच नव्हती. नोंदणीही अशीच उशिरा झाली. बालन्याय कायदा 2015 चा, आणि सर्वोच्च न्यायालयाला मे 2017 मध्ये त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत सर्व संस्थांची नोंदणी पुरी करा असे सांगावे लागले. ज्या घरांची यादीच नाही त्यांची नोंदणी झाली की राहिली, हे कोण तपासणार?

बेघरांचे तसेच. शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा राष्ट्रीय निकष एक लाख लोकसंख्येमागे 100 माणसांची सोय असा आहे. 2011 च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या 4.9 लाखांच्या आसपास होती, म्हणजे सुमारे 490 माणसांची सोय हवी. आहे किती, हे वर्गीकरणावरून कळत नाही. दुसरीकडे 1975 च्या कर्नाटक भिक्षा प्रतिबंध कायद्याखाली घरपट्टीवर 3 टक्के उपकर आम्ही सगळे भरतो. महिलांचे आश्रयगृह भाड्याच्या घरात आहे आणि घरमालक घरपट्टी भाड्यात धरतो, तेव्हा नवऱ्याने हाकललेली बाईही भिक्षेकऱ्यांसाठी चार पैसे देत असते. पैसा कुठून येतो ते पैपर्यंत लिहिलेले आहे. तो ज्या घरांवर खर्च होतो ती घरे 'इतर' आहेत.

करांबाबत मी जपून बोलतो, कारण कर या क्रमांकावर ठरत नाही. वस्तू व सेवा कराची सूट स्वतंत्र अधिसूचनेने मिळते. पण तिथेही दृष्टी तीच आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात 60 वर्षांवरील व्यक्तीकडून दरमहा 25,000 रुपयांपर्यंत घेतलेल्या रकमेला 2018 पासून नाव घेऊन सूट आहे. जुलै 2024 पासून सलग 90 दिवस राहणाऱ्याच्या दरमहा 20,000 रुपयांपर्यंतच्या निवासशुल्कालाही आहे. प्रौढ दिव्यांगांच्या घराला मात्र 'धर्मादाय कार्य' या व्याख्येच्या उपकलमांत आपले नाव शोधून दाखवावे लागते. ते सापडते, पण टेबलापलीकडचा माणूस विचारतो, "तुमचा व्यवसाय कोणता?" आणि मी अर्जावरचा क्रमांक दाखवतो, तेव्हा त्याला तिथे 'इतर' दिसते किंवा वृद्धाश्रम दिसतो. एका वीज कचेरीत तर मुलींच्या गृहाचा मीटर घरगुती की व्यापारी, यावर सात महिने पत्रापत्री चालली. शेवटी एका अभियंत्याने प्रत्यक्ष येऊन मुलींची 19 ताटे मोजली आणि प्रश्न मिटला. वर्गीकरणाने जे सांगायला हवे होते ते ताटांनी सांगितले.

आता काय करता येईल ते लिहितो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची पाचवी सुधारणा 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने स्वीकारली आहे, आणि राष्ट्रीय वर्गीकरण तिच्याशी जुळवून घेताना 879 ची रिकामी जागा वापरावी, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा. मला पाचच उपवर्ग पुरे वाटतात : बालकांची गृहे, स्त्रियांची आश्रयगृहे, बेघरांचे निवारे, विधिसंघर्षग्रस्त बालकांची व सुटून आलेल्यांची गृहे, आणि मग खरोखरच जे उरेल ते. बौद्धिक दिव्यांगांना व्यसनमुक्तीपासून वेगळे करावे हे त्याहून आधी. मानसिक आरोग्य कायदा, 2017 ने मद्य आणि अमली पदार्थांशी निगडित अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत, तेव्हा ते दोन गट एकत्र राहिले तरी चालेल. बौद्धिक दिव्यांगता त्या कायद्याने मानसिक आजारात धरलेलीच नाही.

केंद्राचे काम सावकाश होईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते म्हणजे प्रगणकाच्या हातातले सूचनापत्रक. बेळगाव जिल्ह्यासाठी एक पान कन्नड आणि मराठीत छापावे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांनुसार जिथे 15 टक्के किंवा त्याहून अधिक लोक ती भाषा बोलतात तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत देणे अपेक्षित आहे. त्या पानावर संस्थेचे नाव विचारण्याआधी राहणारे कोण आहेत, ते रात्री इथेच झोपतात का, आणि पगारी परिचारिका आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ क्रमांक योग्य जागी पडतील. 'आश्रम' या उत्तरावर थांबू नये, अशी तंबीही असावी.

जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. जनगणना अशा घरांना 'संस्थात्मक कुटुंब' म्हणते. तिथे माणसे मोजली जातील. आर्थिक गणनेत त्याच घरात काम करणारे हात मोजले जातात : किती बायका, किती पुरुष, पगारी किती आणि बिनपगारी किती. या दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहता आल्या, तर आमच्या भागातल्या गृहमाता हा एक कामगारवर्ग आहे हे प्रथमच आकड्यांत दिसेल. सध्या माझ्या वहीत त्यांचे मानधन 'संकीर्ण' खाली आहे, आणि ते माझेही चुकतेच आहे.

एक भीती मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण आमच्याच काही विश्वस्तांनी ती मला बोलून दाखवली. घरातल्या छळातून निसटलेल्या बायकांचे आश्रयगृह, किंवा एचआयव्हीबाधित मुलांचे घर, स्वतंत्र क्रमांकाखाली आले आणि तालुकावार तक्ता छापला, तर खानापूरसारख्या तालुक्यात त्या रकान्यात '1' असेल, आणि तो एक कोण हे गावाला कळायला वेळ लागणार नाही. आज 'इतर' या शब्दाने त्या बायकांना थोडाफार आडोसाच दिला आहे, हेही खरे. म्हणून उपवर्ग गोळा करावेत बारीक, पण प्रसिद्ध करावेत जिल्ह्याच्या किंवा बेळगाव विभागाच्या पातळीवर. सांख्यिकी संकलन कायदा, 2008 माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालतोच. छापील तक्त्यातही ते पाळले जाईल असे लेखी आश्वासन मिळाले, तर विश्वस्त खरी उत्तरे देतील. नाहीतर ते प्रगणकाला 'वृद्धाश्रम' असेच सांगत राहतील, आणि या वेळी चूक प्रगणकाची नसेल.

प्रौढांच्या त्या घराचा एक अर्ज या आठवड्यात भरायचा आहे. क्रमांकाच्या चौकोनात मी 87200 लिहिले आहे आणि खाली 'कामाचे स्वरूप' या एका ओळीत 'प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचे कायम निवासी घर, रुग्णालय नव्हे, वृद्धाश्रम नव्हे, व्यसनमुक्ती केंद्र नव्हे' इतके बारीक अक्षरात बसवले आहे. 24 वर्षांच्या त्या मुलाच्या पायांसाठी जागा उरली नाही.

आपला विश्वासू,
सीमाभागातील काही संस्थांचा लेखनिक,
बेळगाव